वाघाच्या दारातली उमेदवारी



उमेदवार हा शब्द आज कानावर पडला की डोळ्यांसमोर काय येतं? हात जोडलेला फोटो, त्याखाली निशाणी आणि रिक्षावर बांधलेला कर्णा. पण या शब्दाचं मूळ घर निवडणुकीत नाही. तो फारसीतून आला. आमच्या घरात उम्मीद म्हणतात, मराठीनं तिची उमेद केली आणि ती मनात धरून जो थांबला तो उमेदवार. जुन्या कचेऱ्यांमध्ये पोरं वर्ष-दोन वर्षं बिनपगारी बसायची, कागद नकलायची, एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. त्याला उमेदवारी करणं म्हणत. कारखान्यांतल्या शिकाऊ मुलांसाठी १९६१ साली केंद्र सरकारनं कायदा केला, त्यालाही मराठीत शिकाऊ उमेदवार अधिनियम असंच नाव पडलं.

माझे अब्बा सोलापुरी चादरीच्या मागावर होते. बारा वर्षांचे असताना ते कारखान्यात गेले आणि पहिलं वर्षभर त्यांनी मागाला हात लावला नाही. मागाखालचा कचरा झाडायचा, कांड्या भरायच्या, कारागिरांना चहा आणून द्यायचा. उस्ताद काही शिकवायचे नाहीत. ते काम करायचे आणि हा पोरगा बघायचा. पुढे पुढे धागा तुटला की अब्बांना तो आवाजावरून कळायचा. चार माग एकदम खडखडत असताना नेमका कोणत्या मागावर तुटला, हेही कळायचं. ही गोष्ट कुठल्या पुस्तकात होती? कुठल्याच नाही. ती उस्तादांच्या कानातून अब्बांच्या कानात आली होती.

आता तुम्ही म्हणाल, हे बुवा मागावरच बोलणार की काय. नाही. मला आज बोलायचं आहे ते प्राणी संग्रहालयातल्या उमेदवारीबद्दल. मी बी. ए. झालेला, कविता करणारा माणूस. प्राणिशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या बेडकाच्या आकृतीपुरता. पण गल्लीतला कवी म्हणजे गल्लीचा अर्जनवीस असतो. रेशन कार्ड, शाळेचा दाखला, लग्नपत्रिकेचा मजकूर, सगळं त्याच्याकडे येतं. आणि गेल्या काही वर्षांत एक नवा अर्ज यायला लागला आहे, तो इंटर्नशिपचा. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासात प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आलं, त्यामुळे मुलं दारोदार पत्रं घेऊन फिरतात. बहुतेकांना बँक हवी असते, नाहीतर कॉम्प्युटरचं ऑफिस. एक मुलगी आली, तिला प्राणी संग्रहालय हवं होतं.

पलीकडच्या गल्लीतली. आई विड्या वळते, वडील पॉवरलूमवर. घरात तेलुगू, शाळा मराठी, कॉलेजात बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र. मला म्हणाली, "चाचा, मराठीतून लिहून द्या, मग मी त्याचं इंग्रजी करून घेते." अर्जात एक रकाना होता, आपल्याला इथे काम का करायचं आहे? मी तिलाच विचारलं. ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "मला जनावरांची भीती वाटत नाही. पण का वाटत नाही ते मला माहीत नाही." मी तेच वाक्य लिहिलं. अर्ज मंजूर झाला. वाक्यामुळे झाला असं मी म्हणणार नाही.

इथे थोडं थांबून या क्षेत्रात शिरायच्या वाटा कोणत्या, ते सांगतो. कारण तिच्या अर्जामुळे मलाही ते शोधावं लागलं. पहिली वाट पशुवैद्यकाची. बारावीनंतर नीट परीक्षा, मग बी. व्ही. एस्सी.चा साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम. आपल्या राज्यात नागपूरच्या पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथे महाविद्यालयं आहेत. शेवटचं एक वर्ष सक्तीची इंटर्नशिप. म्हणजे डॉक्टरची उमेदवारी नियमानं ठरलेली आहे, तिचे दिवस ठरलेले आहेत, तिच्यात विद्यावेतन आहे. दुसरी वाट जीवशास्त्रज्ञाची किंवा शिक्षण अधिकाऱ्याची. प्राणिशास्त्रात किंवा वन्यजीवशास्त्रात एम. एस्सी. करायची, जमलं तर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत प्रवेश मिळवायचा. जागा थोड्या, स्पर्धा भरपूर. आणि तिसरी वाट कीपरची. कागदावर त्याला प्राणिपाल म्हणा, प्राणिरक्षक म्हणा, लोकांच्या तोंडी तो पिंजऱ्यावरचा माणूस. सकाळी पहिल्यांदा जो वाघाच्या दारात उभा राहतो तो हाच. त्याच्या उमेदवारीचं मात्र कुठे काही ठरलेलं नाही. कुणी बापाच्या जागेवर लागतो, कुणी बागेतून बदली होऊन येतो, कुणी ठेकेदाराकडून. दिल्लीतलं केंद्रीय प्राणी संग्रहालय प्राधिकरण १९९२ साली स्थापन झालं, ते कीपर लोकांसाठी प्रशिक्षण शिबिरं भरवतं, हे चांगलंच आहे. पण शिबिर काही दिवसांचं, आणि अस्वल ओळखायला काही वर्षं लागतात.

आता पुन्हा त्या मुलीकडे येतो. पत्र आलं त्यात एक महिन्याची परवानगी होती आणि खाली एक ओळ होती, कोणतंही मानधन मिळणार नाही, राहण्याची सोय आपली आपण करावी. संग्रहालय दुसऱ्या मोठ्या शहरातलं. नाव सांगत नाही, कारण ही ओळ एकट्या त्यांची नाही, बहुतेक ठिकाणी अशीच असते. आईनं बोटांवर हिशोब केला. खोलीचं भाडं, मेस, बस, आणि महिनाभर घरातले दोन हात कमी. आई म्हणाली, "म्हणजे आपण पैसे देऊन तिनं वाघाचा उकिरडा काढायचा?" खरं सांगायचं तर या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी एका लांबच्या मावशीकडे राहायची सोय झाली आणि ती गेली. मावशी नसती तर गेली नसती. म्हणजे या उमेदवारीला कोण जाऊ शकतं? ज्याचे आईवडील महिनाभर पोसू शकतात तो, किंवा ज्याची त्या शहरात मावशी आहे तो. जनावराची भीती वाटते की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

पहिल्या दिवशी तिच्या हातात झाडू आला. तिच्याबरोबर आणखी चार विद्यार्थी होते. त्यातले दोघे गळ्यात कॅमेरा घालून आले होते, ते तिसऱ्या दिवसापासून दिसले नाहीत. हिला ज्या कीपरकडे दिलं त्यांना सगळे मामा म्हणायचे. मामांची निवृत्ती जवळ आलेली. शिक्षण चौथी की पाचवी. पहिले चार दिवस मामा तिच्याशी बोललेच नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी तिला तरसाच्या पिंजऱ्याजवळ बोलावलं आणि विचारलं, "काय दिसतं?" ती म्हणाली, तरस. मामा म्हणाले, "तरस नाही विचारलं. खाली काय राहिलं ते सांग." आदल्या दिवशी टाकलेल्या हाडांतलं एक हाड तसंच पडलं होतं. तरस हाड सोडत नाही. त्याचे जबडे हाड फोडण्यासाठीच बनलेले असतात. त्यानं ते सोडलं म्हणजे दात दुखतोय किंवा तोंडात जखम आहे. मामांनी डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी त्याला छोट्या पिंजऱ्यात घेऊन तपासलं, तर दाढेला खरंच सूज होती.

ही तिच्या महिन्यातली सगळ्यात मोठी घटना. बाकी सगळं रोजचंच. ते तिनं मला आल्यावर सांगितलं आणि मी मुद्दाम टिपून घेतलं, कारण या नोकरीचं स्वप्न पाहणाऱ्या मुलांना ते कुणी सांगत नाही. सकाळी आधी मोजणी. प्रत्येक पिंजऱ्यात काल होते तेवढे आहेत का? मग कुलपं. हिंस्र प्राण्यांच्या पिंजऱ्याला दोन दारं असतात, आणि एक बंद झाल्याची खात्री केल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. खात्री म्हणजे डोळ्यांनी नव्हे, हातानं कुलूप ओढून. मग विष्ठा. रंग कोणता, घट्ट की पातळ, त्यात केस आहेत का, जंत आहेत का. त्यानंतर उरलेलं अन्न वजन करून लिहायचं. मग सफाई, पाण्याची टाकी घासणं, दाराशी ठेवलेल्या पोटॅशियम परमँगनेटच्या जांभळ्या पाण्यात बूट बुडवून आत-बाहेर करणं. दुपारी खाद्य कापणं, मोजणं. वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपास असतो, कारण जंगलात त्यांना रोज शिकार मिळत नाही. उन्हाळ्यात गोणपाटं भिजवायची, पाण्याचे फवारे चालू ठेवायचे, अस्वलाला फळं घालून गोठवलेली बर्फाची लादी द्यायची. ती फोडण्यात त्याचा तासभर जातो. बंदिस्त जनावराचा सगळ्यात मोठा शत्रू भूक नसून रिकामा वेळ असतो, हे मला तिच्याकडून कळलं. नोकरी सुटलेल्या गिरणी कामगारांच्या गावात राहणाऱ्या माणसाला ते पटायला वेळ लागला नाही.

आणि काळवीट. आपल्याकडे नान्नजच्या माळावर काळविटांचे कळप आहेत, आपण ते एसटीच्या खिडकीतून बघतो. पिंजऱ्यातलं काळवीट हा फार नाजूक जीव. त्याला घाबरवून पळवलं आणि दमवून पकडलं, तर पकडल्यानंतरही ते मरू शकतं. भीतीनं आणि धावण्यानं त्याचे स्नायू आतून नासतात, कधी काही तासांत, कधी दोन-चार दिवसांनी जीव जातो. म्हणून मामा काळविटांच्या आवारात कधी पटकन वळायचे नाहीत. रोज त्याच वेळी, त्याच रंगाच्या कपड्यांत, त्याच बाजूनं जायचे आणि जाताना हळू आवाजात काहीतरी गुणगुणायचे. कशासाठी? तर आपण येतोय हे त्यांना आधी कळावं म्हणून. मुलीनं विचारलं, कोणतं गाणं? मामा म्हणाले, "कोणतंही चालतं. पण रोज तेच पाहिजे."

महिन्याच्या शेवटी सर्टिफिकेट मिळालं. दोन दिवस आलेल्या कॅमेरावाल्यांनाही तेच मिळालं, त्याच कागदावर, त्याच सहीचं. मुलीला त्याचा राग आला, मला जास्त आला. पण माझं खरं दुखणं वेगळं आहे. मामांना काय मिळालं? त्यांनी महिनाभर एक शागीर्द तयार केली, त्याची नोंद कुठे झाली? ते निवृत्त झाले की तरसाचं हाड, काळविटांचं गाणं, कोणत्या बिबट्याला पाठीमागून आलेलं चालत नाही, हे सगळं त्यांच्याबरोबर घरी जाणार. फाईलमध्ये राहणार ते त्यांच्या रजेचे अर्ज.

असं व्हायलाच पाहिजे असं काही नाही. याच देशात दीडशे वर्षांपूर्वी याच्या उलट घडलेलं आहे. कोलकात्याचं अलिपूरचं प्राणी संग्रहालय १८७६ साली सुरू झालं. तिथे रामब्रह्म सान्याल नावाचे एक तरुण गृहस्थ कामाला लागले. मेडिकल कॉलेजात शिकत होते, डोळ्यांच्या दुखण्यामुळे शिक्षण सोडावं लागलं होतं. सुरुवातीचं काम मजुरांवर देखरेख करण्याचं. पण हा माणूस रोज पिंजऱ्यापुढे उभा राहून बघायचा आणि लिहायचा. कुणी काय खाल्लं, कुणी खाल्लं नाही, कोणत्या ऋतूत कोण आजारी पडलं, कोणत्या मादीला कधी पिल्लं झाली. पुढे ते त्याच संग्रहालयाचे अधीक्षक झाले. १८८९ साली तिथे सुमात्रन गेंड्याचं पिल्लू जन्मलं. बंदिस्त अवस्थेत असा जन्म त्या काळी अपूर्व होता. आणि १८९२ साली सान्यालबाबूंचं बंदिस्त प्राण्यांच्या देखभालीवरचं पुस्तक निघालं, त्याची दखल इंग्लंडातल्या शास्त्रज्ञांनी घेतली. साहेबाचं राज्य, साहेबाचं शास्त्र, पण वही बाबूंची.

इंग्लंडातही तसंच एक उदाहरण आहे. जेराल्ड डरेल हे नाव वाचकांना ठाऊक असेल. १९४५ साली, विशीत, ते व्हिप्सनेड इथल्या प्राणी संग्रहालयात शिकाऊ कीपर म्हणून लागले. तिथले जुने कीपर काय काय जाणतात ते त्यांनी टिपून ठेवलं. पुढे १९५९ साली त्यांनी जर्सी बेटावर स्वतःचं संग्रहालय काढलं आणि नामशेष होत चाललेल्या जीवांसाठी ते वाहून घेतलं. नंतर तिथे प्रशिक्षण केंद्र निघालं, त्यात देशोदेशींची माणसं शिकून गेली, आपल्या देशातलीही. शिकाऊ म्हणून झाडू मारलेल्या माणसाला शिकवण्याची किंमत कळते.

आपल्या महाराष्ट्रात औपचारिक नसली तरी अशी एक परंपरा आहे. पुण्याचे नीलिमकुमार खैरे १९८० साली बहात्तर विषारी सापांबरोबर बहात्तर तास काचेच्या खोलीत राहिले, तेव्हा सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी त्यांचं नाव झालं. ते साहस होतं, पण त्यातून १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. पुढे १९९९ साली तिथेच पुणे महापालिकेचं मोठं प्राणी संग्रहालय झालं. त्या सर्पोद्यानात स्वयंसेवक म्हणून साप हाताळायला शिकलेली मुलं पुढे कुठे कुठे पसरली. आज मात्र गावोगावचे सर्पमित्र मोबाईलवरचे व्हिडिओ बघून शिकतात. उस्तादाशिवाय शिकलेली ही विद्या किती जणांच्या जिवावर बेतते, ते आपण अधूनमधून पेपरात वाचतोच.

जिवावर बेतण्याची गोष्ट निघाली म्हणून एक कटू प्रसंग सांगतो. ३० डिसेंबर २०१८ रोजी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात वन्य प्राण्यांच्या एका खासगी केंद्रात बावीस वर्षांची एक इंटर्न सिंहाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडली. नुकतीच पदवी घेतलेली, या कामाची आवड असलेली मुलगी. तिथे येऊन तिला दोन आठवडेही झाले नव्हते. सफाईसाठी सिंहाला दुसऱ्या भागात बंद केलं होतं, पण तो तिथून बाहेर आला. अमेरिका म्हणजे नियम आणि कागदपत्रांचा देश, तिथे हे घडलं. म्हणून मी आईवडिलांना सांगतो, मुलीला पाठवताना साप-वाघाच्या भीतीनं अडवू नका, पण चार प्रश्न विचारा. तिला हिंस्र प्राण्याच्या दाराचं काम देणार का? पहिल्या वर्षी तरी ते देऊ नये. तिच्याबरोबर कायम कुणी जुना माणूस असेल का? रेबीजच्या लशी आधी देणार का? विमा काढणार का? हे विचारल्यानं कुणी रागावलं, तर तिथे न पाठवलेलंच बरं.

काही श्रोत्यांच्या मनात आता एक शंका आली असेल. कवी माणूस, आणि पिंजऱ्याची बाजू घेतो? नाही घेत. पिंजऱ्यातल्या बिबट्याच्या येरझाऱ्या मलाही बघवत नाहीत. पण विहिरीत पडून कंबर मोडलेला बिबट्या, आईपासून तुटलेलं अस्वलाचं पिल्लू, तस्करांकडून सोडवलेली कासवं, यांना आपण कुठे नेणार? जंगल त्यांना परत घेत नाही. पिंजरा राहणार असेल, तर त्याच्या दाराशी जाणता माणूस हवा, एवढंच माझं म्हणणं. आणि याचा पुरावा आपल्या सोलापूरच्याच पक्ष्यानं दिला आहे.

माळढोक. १९७९ साली त्याच्यासाठी नान्नजला अभयारण्य झालं. आमच्या पिढीनं शाळेच्या सहलीत तो लांबून पाहिला, माळावर एखादा शेतकरी घोंगडी घेऊन उभा असावा तसा. आता तिथे एखाददुसरा दिसला तरी बातमी होते. साऱ्या जगात मिळून दीडशेच्या आसपास उरले असावेत, त्यातले बहुतेक राजस्थानात. मादी साधारणपणे वर्षाला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. म्हणून २०१९ सालापासून जैसलमेरच्या वाळवंटातली काही अंडी गोळा करून ती यंत्रात उबवायला सुरुवात झाली आणि पिल्लं माणसांच्या हातावर वाढली. हे काम आपल्याकडे कुणी केलेलं नव्हतं. अबुधाबीत तणमोराच्या जातीचा हौबारा नावाचा पक्षी असाच वाढवतात, तिथल्या जाणकारांकडून आपली माणसं शिकली. उमेदवारीच ती. मग एका नराला महिनोन् महिने सवय लावली. रोज तोच माणूस, तीच हालचाल, खोटी मादी आणि न संपणारी चिकाटी. त्यातून कृत्रिम रेतन जमलं आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये त्या पद्धतीनं पहिलं पिल्लू जन्मलं. बातम्यांत शास्त्रज्ञांची नावं आली, ती यायलाच हवीत. पण मला त्या माणसाबद्दल कुतूहल आहे, जो रोज पहाटे त्या नरासमोर तसाच उभा राहिला. तो नक्कीच काहीतरी गुणगुणत असणार.

उद्या ही पिल्लं वाढली आणि कधीकाळी नान्नजच्या माळावर माळढोक परत आणायचं ठरलं, तर त्यांना सांभाळणारे हात कुठून आणणार आपण? राजस्थानातून? ते हात इथलेच हवेत, इथल्या उन्हाची सवय असलेले. आपल्याकडे विजापूर रस्त्यावर महापालिकेचं महात्मा गांधी प्राणी संग्रहालय आहे. त्याच्या मान्यतेवरून गेल्या काही वर्षांत काय काय छापून आलं, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना मी सांगायला नको. इमारतींचा, भिंतींचा, निधीचा विचार होतो. मनुष्यबळाचा विचार शेवटी होतो, आणि तोही ठेका कुणाला द्यायचा एवढ्यापुरता.

पैशाचं म्हणाल तर सरकारला हे अगदी अशक्य आहे असं नाही. राज्य सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविका असेल तर आठ हजार, पदवीधराला दहा हजार विद्यावेतन. आधी सहा महिन्यांसाठी होती, पुढे मुदत अकरा महिन्यांपर्यंत वाढवली. त्या योजनेतली मुलं सरकारी कचेऱ्यांत, पालिकांत टेबलाशी बसून नोंदी करताना आपण पाहिली. शेवटी त्यांनी आम्हाला कायम करा म्हणून मोर्चेही काढले, तो वेगळा विषय. माझा मुद्दा एवढाच की टेबलाशी बसणाऱ्याला विद्यावेतन देता येतं, तर तरसाच्या पिंजऱ्यासमोर उभं राहणाऱ्यालाही देता येईल. एका संग्रहालयात वर्षाला चार जागा पुष्कळ झाल्या. चाळीस नकोत. चाळीस म्हटलं की पुन्हा कॅमेरेवाले येतात.

त्या चार मुलांना कीपरच्या हाताखाली द्यावं, साहेबाच्या नव्हे. एका मुलामागे एक कीपर, आणि त्या कीपरलाही शिकवण्याचा भत्ता. मुलानं रोज एक वही लिहावी, मराठीत. इंग्रजी लिहिता येतं की नाही हे त्याला कुणी विचारू नये. मामांना येतं ते त्यांनी बोलावं आणि मुलीला येतं ते तिनं लिहावं. तिला अक्षरं येतात आणि हाड वाचता येत नाही, मामांना हाड वाचता येतं आणि अक्षरं नीट येत नाहीत. अकरा महिन्यांनी त्या वह्या संग्रहालयात ठेवाव्यात, पुढच्या वर्षीच्या मुलानं आधी त्या वाचाव्यात. सर्टिफिकेटवर अधिकाऱ्याच्या सहीखाली कीपरची सही असावी. त्याला सही करता येत नसेल तर अंगठा चालेल.

एवढ्या गोष्टी मी कागदावर उतरवून काढल्या आणि संबंधित खात्याकडे रीतसर पाठवल्या आहेत. अर्जनवीस आहे, सवय जात नाही. पोच मिळाली आहे, त्यावर आवक क्रमांक आहे.

तोवर ज्या मुलांना या वाटेनं जायचं आहे त्यांनी संग्रहालयाच्या पत्राची वाट पाहत बसू नये. आपल्या जिल्ह्यात सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत. सकाळी तिथे शेळ्या, म्हशी, बैल रांगेत असतात, आणि जनावर धरायला माणूस कमी असतो. डॉक्टरांची परवानगी घ्या आणि शेळी धरा. धरताना तिचं अंग कुठे आक्रसतं ते बघा. एखाद्या मेंढपाळाच्या वाड्यावर दोन दिवस राहा. शंभर मेंढरांतलं लंगडं कोणतं हे तो अंधारात सांगतो, कसं ते विचारा. नान्नजला जा, वनखात्याच्या माणसाबरोबर माळावर बसा आणि काळविटांचा एकच कळप दिवसभर बघा. बसायचं जमलं तर पुढचं जमेल. अर्ध्या तासात मोबाईल काढावासा वाटला तर बँकेची इंटर्नशिप वाईट नाही, तिथे पंखाही असतो.

आणि वही. शंभर पानी, रेघांची, कुठल्याही किराणा दुकानात मिळते. तारीख, वेळ, ऊन किती, काय दिसलं, काय नेहमीसारखं नव्हतं. ती मुलगी आता आठवड्यातून दोन दिवस दवाखान्यात जाते, बाकी दिवस कॉलेज आणि संध्याकाळी आईबरोबर विड्या. परवा तिची वही चाळायला मिळाली. एका पानावर तारीख होती, आणि खाली एवढंच लिहिलं होतं: काळी शेळी, दोन वेळा ओरडली, मालक म्हणतो ही कधी ओरडत नाही. डॉक्टरांना सांगितलं.